अस्वलाचा पेशंट

एमबीबीएस झाल्यावर मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला लागले. मुलगी असले तरी हुद्दा हाउसमनच. अपघात विभागाचं वेगळं शिक्षण असतं, हे ऐंशीच्या दशकात आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. दारातून जे येईल ते पाहायचं आणि सर्जन सर सांगतील तसं करायचं. सर फार बोलत नसत.

उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलं पडतात. माणसं पहाटेच वेचायला जातात आणि अस्वलंही त्याच झाडांखाली येतात. एका सकाळी अहेरीकडून बांबूच्या ट्रकमध्ये बसून एक नवरा-बायको आले. दोघं तिशीतली, घरी थोडी धानाची शेती. नवऱ्याच्या डोक्याला लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला होता. मी तो सोडला, तर कपाळाची कातडी केसांसकट डोळ्यांवर उतरली. उजवा गाल उभा फाटला होता. माणूस मात्र पूर्ण शुद्धीवर होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"अस्वल," तो म्हणाला.

"वाकून वेचत होता," बायकोनं सांगितलं. "मांगून आली अन् त्याच्यावर बसली. मी काठी घेतली अन् तिच्या नाकावर हाणत राह्यली. मंग गेली."

सर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. सिस्टर निरोप घेऊन आल्या, "धूत राहा म्हणाले. अजून शिवायचं नाही."

मी धूत राहिले. सलाईनच्या बाटल्या रिकाम्या होत गेल्या. जखमेतून पाचोळा निघाला, माती निघाली, अस्वलाचे काळे राठ केस निघाले. आता झालं असं वाटावं, तर आणखी एखादा खडा. बायकोला बाहेर थांबायला सांगितलं होतं. ती गेली नाही, म्हणून शेवटी तिच्याच हातात बाटली दिली. तिनं ती नीट धरली.

सर आले, वाकून पाहिलं, "शिव" म्हणाले आणि मागे स्टुलावर बसले. मी आधी भुवई जुळवली, मग पापणीची कड, मग बाकीचं. उजवा डोळा फुटलेला होता. तो वाचणार नाही हे सरांनी मला इंग्रजीत सांगितलं आणि मग मराठीत म्हणाले, "पेशंटला तू सांगायचं."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन मी सांगितलं. तो बायकोला म्हणाला, "टोपल्या कुठी हायेत?"

"जंगलातच राह्यल्या. तुले आणू का टोपल्या आणू?"

तो हसायला गेला आणि टाके ओढले गेले. मला तेव्हा वाईट वाटलं का, हे आज नीट आठवत नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला धाप लागली होती, एवढं आठवतं.

जनावर चावलं की तेव्हा बरेच दिवस रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागे. टाके घालताना हूं की चूं न केलेला हा माणूस त्या सुईला मात्र घाबरला. एका सकाळी खाट रिकामी दिसली. बायको तडक एसटी स्टँडवर गेली आणि त्याला दंडाला धरून परत घेऊन आली.

"अस्वलाले मी भेली नाई, अन् तू सुईले भिऊन राह्यला?" ती सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली.

"अस्वलानं इचारलं नव्हतं," तो म्हणाला. "ह्या बाई रोज इचारतात, घेतो का म्हणून."

वॉर्ड हसला. मीही हसले असेन. त्यानंतर मी विचारणं बंद केलं. ट्रे घेऊन जायचं, आज कुठल्या बाजूला टोचणार ते सांगायचं आणि टोचायचं. त्यानं सगळी इंजेक्शनं पुरी केली. पुढे दुसऱ्या घाबरणाऱ्या पेशंटांशीही मी असंच वागत गेले.

दिवाळीनंतर, धान कापणी आटोपून, दोघं दाखवायला आले. व्रण पांढरट पडला होता, तोंड नीट उघडत होतं. पुन्हा मोहाला जाणार का, असं मी विचारलं.

"जावंच लागते," तो म्हणाला.

"आता हा वेचन अन् मी उभी राह्यन," बायको म्हणाली.

केसांत एक टाका राहून गेला होता. तो मी कापून काढला. त्यांना दुपारची गाडी गाठायची होती.