रद्दीवाल्या मॅडम

प्रथिनांचा धडा सुरू करायच्या आधी मॅडम सगळ्यांना अकरावी-बारावीच्या वह्या आणायला सांगत. बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक तोवर उघडायचं नाही. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात मुलं त्यांना पाठीमागे 'रद्दीवाल्या मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.

वह्या बहुतेकांनी विकलेल्या असत. खरवईच्या नव्या फ्लॅटमध्ये जाताना माझ्याही आईने रद्दीत घातल्या होत्या. "वही गेली, ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "डोकं तर इथंच आहे ना, बेटा? आठवून लिही."

त्या सिंधी. मराठी शिकल्या शेजारणींकडून. 'बेटा' सगळ्यांनाच म्हणत. एकदा भर मीटिंगमध्ये प्राचार्यांनाही म्हणाल्या होत्या.

मी आठवून काही लिहिलं नाही. वीस अमिनो आम्लं पाठ केली, त्यांच्या रचना सुबक काढल्या आणि प्रथिनांच्या चाचणीत नापास झाले. फेरचाचणी आठवड्यावर होती. तीही गेली असती तर अंतिम परीक्षेला बसता आलं नसतं, वर्ष वाया गेलं असतं. घरी हे मी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी माझा पेपर समोर ठेवला.

"चित्रं छान आहेत. दूध कशाने फाटतं?"

"लिंबाने."

"ते माझ्या सासूलाही माहीत आहे. का फाटतं?"

मी पेपरावरच्या माझ्याच चित्रांकडे पाहिलं.

"दुधातल्या प्रोटीनवर निगेटिव्ह चार्ज असतो. सारखे चार्ज जवळ आले की?"

"एकमेकांना ढकलतात."

"हे कुणी शिकवलं?"

"अकरावीच्या फिजिक्सच्या सरांनी."

"आणि लिंबात काय असतं?"

"ॲसिड. म्हणजे हायड्रोजन आयन, पॉझिटिव्ह." इथे मी थांबले. मग म्हणाले, "निगेटिव्ह चार्ज मिटतो. ढकलाढकली थांबते. कण एकमेकांना चिकटतात."

"झालं पनीर. यात मी काय शिकवलं?"

त्यानंतरचा आठवडा रोज दुपारी मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून जुनं आठवून लिहीत होते: आम्ल, आम्लारी, प्रभार, हायड्रोजन बंध. अडले की मॅडम उत्तर देत नसत. ते कुठल्या इयत्तेत होतं, एवढंच सांगत.

फेरचाचणीत प्रश्न आला: ठरावीक आम्लतेला प्रथिन द्रावणातून खाली का बसतं? मी एकही चित्र न काढता दोन पानं लिहिली. पास झाले.

आभार मानायला गेले तेव्हा मॅडम डबा खात होत्या. "मला कशाला? अकरावीच्या सरांना फोन कर. आत्ता, माझ्यासमोर."

नंबर मैत्रिणीकडून मिळवला. बदलापूरच्या त्या सरांनी मला ओळखलं नाही. मी बॅच सांगितली, तुम्ही चार्ज शिकवला होतात, त्यावर आज बायोकेमिस्ट्रीत पास झाले, असंही सांगितलं.



"त्या वर्गात कुणी ऐकत होतं," सर म्हणाले, "हे मला आज कळतंय."