छत्तीस पेशी

रक्ताच्या स्लाइडी बघण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. दवाखान्याच्या तपासणी खोलीत सगळे त्याला ‘भिंग’ म्हणत. मशीन चुकेल, भिंग चुकणार नाही, असं डॉक्टरीणबाई नव्या लोकांना सांगायच्या. माणूस तसा घुमा. बोलायचा तो घरी, थोरल्या बहिणीशी, अक्काशी. आई गेल्यावर शाळेचे गणवेश शिवून अक्कानेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

अडुसष्टाव्या वर्षी अक्काच्या हातापायांवर उगाचच काळेनिळे डाग उठू लागले. महिनाभर तिने अंगावर काढलं. शेवटी भिंगाने तिला जवळजवळ ओढतच नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला. जबरी औषधं तिला झेपणार नव्हती, म्हणून बाईंनी गोळ्या आणि सोबत हलकी इंजेक्शनं सुरू केली.

“या गोळ्या करतात तरी काय?” अक्काने भिंगाला विचारलं.

“बिघडलेली पेशी खरं तर आपणहून मरते. पण या पेशींकडे एक प्रथिन असतं, ते त्यांचं मरण अडवून धरतं. गोळी त्या प्रथिनाला पकडते. मग त्या मरतात.”

“म्हणजे जायची वेळ झाली तरी बूड हलवत नाहीत. आपल्या आत्यासारख्या!”

दोन महिन्यांत रक्त स्वच्छ झालं. अक्का पुन्हा शिलाई मशीनवर बसली, शेजारणीचे पडदेही शिवून झाले.

सातव्या महिन्यात तिची स्लाइड भिंगाच्या टेबलावर आली. घरच्या माणसाची स्लाइड दुसऱ्याने बघायची, असा नियम होता. त्याने ती कोणाला दिली नाही. शंभर पेशी मोजायच्या. अकराव्या पेशीवरच त्याचा हात थांबला. शंभरात चौतीस वाईट निघाल्या. त्याने पुन्हा मोजल्या. छत्तीस.

“गोळी अजून तिचं काम करतेय,” बाई म्हणाल्या, “पण या पेशी आता दुसऱ्याच प्रथिनावर तगून आहेत. त्याला ही गोळी धरत नाही. बाकीच्या मेल्या, अशा थोड्या उरल्या, आणि ही सगळी त्यांचीच पिलावळ.”

“त्या दुसऱ्यावर औषध?”

“चाचण्या चालू आहेत. हृदयाला त्रास होतो त्याने. आपल्या हातात नाही अजून.”

घरी येऊन तो म्हणाला, “पेशी जरा वरखाली आहेत.”

“कान लाल झालेत तुझे. किती?”

“छत्तीस.”

अक्काने दोरा तोडला. “बरं. मग आता मला घरीच राहू दे.”

भिंग जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. जबरी औषधाचा एक डोस तरी घे, असं हातापाया पडून विनवलं. बाईंनी धोका स्पष्ट सांगितला होता, तरी तो हटून बसला. अक्का म्हणाली, “तुझ्यासाठी घेते हो. माझ्यासाठी नाही.”

तोंड सोलवटून निघालं. पाण्याचा घोट उतरेना. ताप चढला तो उतरलाच नाही. मधे एकदा रक्त तपासलं, तेव्हा वाईट पेशी होत्या तेवढ्याच होत्या. एकोणिसाव्या दिवशी दुपारी, दवाखान्यातच, नळ्या लावलेल्या अवस्थेत अक्का गेली.

आठवड्याने तो कामावर आला. बाई त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “मनाला लावून घेऊ नका. डोस दिला नसता तरी त्या वाचल्या नसत्या.”

“ठाऊक आहे,” भिंग म्हणाला. “पण घरी गेली असती.”