चारशे सतरा नंबरचं सफरचंद

माझी आत्या फळ संशोधन केंद्रात सफरचंदाच्या नव्या जाती तयार करायची. काम नाजूक आणि चिवट. एका झाडाचे पराग ब्रशने दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचे, फुलावर कागदी पिशवी चढवायची, पुढे त्याच्या फळातल्या बियांची रोपं करायची आणि त्यांना फळ धरेपर्यंत सहा-सात वर्षं वाट बघत बसायचं. "मला होकार द्यायला हिने इतका वेळ घेतला नव्हता," असं आतोबा म्हणत.

बागायतदारांचं मागणं एकच: ट्रकमध्ये आपटलं तरी फळाला डाग पडू नये. म्हणून आत्या पिशवीभर फळं घरी आणून तिसऱ्या मजल्यावरून जिन्यात एकेक सोडून द्यायची. तळमजल्यावरचे शिंपीकाका दार उघडून विचारायचे, "आज कुणी वाचलं का?"

एका वर्षी चारशे सतरा नंबरच्या झाडाचं फळ गडगडत गेलं आणि शिंपीकाकांच्या दारावर आपटलं. फळावर ओरखडा नाही. दाराचा मात्र टवका उडाला.

"जमलं एकदाचं!" आत्या हरखली. तिने ते फळ धुऊन आतोबांच्या हातात दिलं. आतोबांनी चावा घेतला, आणि त्यांची कवळी फळातच राहिली.

"चव कशी आहे?"

"आत शिरायला मिळालं तर सांगतो," आतोबा बोळक्या तोंडाने म्हणाले.

केंद्रातल्या साहेबांनी सुरी घेतली, मग मोठी सुरी घेतली. शेवटी घाम पुसत म्हणाले, "बाई, एवढं देखणं फळ. खायचंच कशाला?"

ती जात शोभेची म्हणून मंजूर झाली. हॉटेलांच्या काउंटरवरच्या परड्यांसाठी बागायतदारांनी ती धडाधड लावली. आत्याचं तोंड महिनाभर उतरलेलं. "बावीस वर्षं घासली, आणि फुलदाणीला सवत आणली," म्हणायची.

काही वर्षांनी बागा फळांवर आल्या, फळं परड्यांत जाऊन बसली, आणि काही महिन्यांनी साहेबांचा वैतागलेला फोन आला. "बाई, हॉटेलवाले चिडलेत. पाहुणे परडीतली फळं खातायत!"

"दातांनी?" आत्याने विचारलं.

झालं होतं असं, की पाच महिने नुसतं पडून राहिलं की ते फळ आतून मऊ व्हायचं. एवढा दम आमच्यात कुणीच धरला नव्हता.

आत्या तशीच आतोबांना घेऊन जवळच्या हॉटेलात गेली.

"खोली हवीये का?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"नको. सफरचंद हवंय."

सोफ्यावर बसून तिने ते बियांपर्यंत खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला. "गोड आहे हो," ती आतोबांना म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणीतरी केलेलं. आतोबांचं तिसरं चालू होतं. काउंटरवरच्या बाईंनी परडी हळूच आत ओढून घेतली.