म्हैस डोहात बसली तेव्हा

आमचं शेत पिशोरच्या पलीकडे, नदीच्या काठाला. डांबरी रस्ता बराच अलीकडे संपतो. शाळेची व्हॅन मला तिथं सोडायची आणि पुढं उसाच्या कडेनं चालत यावं लागायचं. उसात बिबट्या असायचा, म्हणून मोठ्यानं बोलत यायचं असं घरून बजावलेलं होतं. मी मुळात कमी बोलणारी. एकटीनं काय बोलायचं ते सुचायचं नाही, मग मी पाढे म्हणायची, तेही इंग्रजीत. आमच्या पट्ट्यातल्या बिबट्याला बाराचा पाढा नक्की येत असणार.

मगर नंतर आली. कुठल्याशा पुरात वरून वाहत आली म्हणायचे, आणि आमच्या शेताखालच्या डोहातच राहिली. दुपारी ती खडकावर ऊन खात पडायची. ती खडकावर दिसली की आम्ही निर्धास्त असायचो. दिसली नाही की बायका धुण्याच्या बादल्या उचलून घरी यायच्या. शाळेत 'आमची नदी' हा निबंध आला तेव्हा मी गोटे, बगळे, सूर्यास्त असं सगळं लिहिलं आणि मगर गाळली. मुली आधीच म्हणायच्या, ही जंगलातून येते. आपण होऊन पुरावा कशाला द्यायचा?

मी दहावीत होते त्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमची म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. ती फक्त पप्पांचं ऐकायची, आणि पप्पा वाळूजच्या कंपनीत. आठवडाभर ते बजाजनगरच्या खोलीवर राहायचे. त्या दुपारी म्हशीनं दावं सोडवलं आणि थेट डोहात जाऊन बसली. वर फक्त शिंगं आणि नाक.

पलीकडच्या काठावर मेंढ्या चारणारे मामा ओरडले, "ताई, म्हस काढा भाईर! खडकावर कुणी नाय आज!"

आई पळतच काठावर आली, मी तिच्या मागं. मामांना वाटलं आपणही मदत करावी. त्यांनी शीळ घातली. आता आमच्याकडं शीळ घालतात ती जनावराला पाणी पाजताना. म्हैस शीळ ऐकून निवांत पाणी प्यायला लागली आणि आणखी दोन पावलं आत सरकली.

"अवं दादा, शीळ काय घालायलाव! ती आजून आत चालली ना!"

"सवय हाय तोंडाला, काय करू?"

"तू हाक मार गं," आई मला म्हणाली.

मी "ये" म्हटलं.

"म्हशीला बोलवायलीस का देवाला नमस्कार करायलीस?"

मी पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं. पलीकडून मामा हसले. "पोरगी विंग्रजीत बोलायली का? म्हस झेडपीच्या शाळंतली हाय!"

मला तिथंच मातीत शिरावंसं वाटलं. हाक मारण्यापेक्षा फोन लावणं सोपं होतं. पप्पांनी उचलला, दबक्या आवाजात बोलले. मागं मशीनचा आवाज होता. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "थांब, स्पीकर लाव." मग दार लागल्याचा आवाज आला आणि स्वच्छतागृहात घुमणाऱ्या आवाजात पप्पा सुरू झाले, "ये गं माझी बाई, ये गं माझी राणी, चल घरी, ये..."

आई फोनकडं बघतच राहिली. "ह्यांना इतकं गोड बोलता येतंय?"

पण आवाज पाण्यापर्यंत पोचत नव्हता. काठावर धुण्याची रिकामी बादली होती. मी फोन तिच्यात ठेवला, बादली आडवी धरली, तोंड डोहाकडं. आवाज एकदम भरदार झाला. म्हशीचे कान हलले.

तेवढ्यात मामांचं हसणं थांबलं. "ताई, तिकडं पाणी हाललं."

खडकाच्या कपारीपासून पाण्यावर एक बारीक रेघ म्हशीच्या दिशेनं निघाली होती. आईनं माझा दंड घट्ट धरला. "ये गं राणी," बादली म्हणत होती. म्हैस उठली. पोट सावरत, अंगावरून पाणी गाळत, कुठलीही घाई न करता ती काठावर आली आणि पप्पांना शोधायला तिनं सरळ बादलीत तोंड घातलं. ती बसली होती तिथं मागं दोन डोळे वर आले, थोडा वेळ थांबले आणि बुडाले.

आवाज थांबला की म्हैस थांबायची. त्यामुळं मी बादली घेऊन पुढं, माझ्यामागं म्हैस, तिच्यामागं काठी घेऊन आई, असे आम्ही चढ चढलो. पप्पा वाटभर "ये गं, ये गं" करत होते. आवाज बसत चालला होता, पण थांबायची सोय नव्हती.

गोठ्यात दावं बांधून झाल्यावर आई बादलीत वाकून म्हणाली, "बांधली. बास आता."

फोनमधून एक अनोळखी आवाज आला. "कोण बोलतंय? मी सुपरवायझर. म्हैस निघाली का बाहेर?"

"येस सर," मी म्हटलं.

"गाभण आहे म्हणे?"

"येस सर."

"मग आता यांना मशीनवर पाठवू?"

"येस सर. थँक यू सर."

मागून बऱ्याच माणसांच्या हसण्याचा गलका आला. त्यातला एकजण ओरडला, "पोरी, खरवस सगळ्या लाइनला पुरंल एवढा पाठव बरं का!"

मी बादली आईपुढं धरली.

आई आत बघून म्हणाली, "आधी सुखरूप व्याऊ तर द्या तिला!"