आप्पांची दुहेरी गाठ

सुकलेल्या बेलाचा आणि झेंडूचा वास आला की मला तेरणेवरचा पूल आठवतो.

श्रावण नुकताच संपला होता. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, महिनाभराचं निर्माल्य कॅरीबॅगेत भरलं. फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून तिला दुहेरी गाठ मारली आणि मला गाडीवर मागं बसवून पुलावर नेलं. पिशवी पाण्यात सोडून त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"आप्पा, ही कुठं जाती?"

"आदी मांजरेत, मग गोदावरीत, मग समुद्रात. समुद्र लई मोठा हाय बाळा, तिथं सगळं मावतंय."

आप्पांनी समुद्र कधी पाहिला नाही. मी पाहिला, नोकरीला लागल्यावर. किनाऱ्यावर कोळी बायका जाळ्यातून मासळीआधी पिशव्या सोडवत होत्या. काहींच्या गाठी तशाच होत्या. मला त्या बायकांकडं बघवेना.

आम्ही लिंगायत, आप्पांना शेतातच पुरलंय. आता निर्माल्य मी तिथं नेते आणि मातीत मिसळते. बेलाची माती होते. आप्पांचीही झाली असेल. त्यांनी एवढ्या भक्तीनं मारलेली ती गाठ मात्र अजून कुठंतरी पाण्यात तशीच असणार.