गुरूवरचं वादळ आणि आमचं कलम

गुरू ग्रहावरचं तांबडं वादळ पृथ्वीहून मोठं आहे आणि शंभराहून अधिक वर्षं घोंघावतंय. शाळेत मी ते असं शिकवायचो की मुलं वह्या उडतील म्हणून घट्ट धरून बसायची. आपलं वादळ किनाऱ्यावर चढलं की जमिनीला घासून मरतं. गुरूला मुळी जमीनच नाही. शिवाय तिथलं मोठं वादळ लहान वादळं गिळून पोसतं.

माझं आणि शेजारी राहणाऱ्या दादाचं भांडण दोघांच्या हद्दीवरच्या दगडी गडग्यावरच्या हापूसच्या कलमावरून. आमचा आवाज पार गुहागरला ऐकू जाई. मग एका वादळानं ते कलमच मुळासकट आडवं केलं. मी दोन कप चहा टाकला आणि गडग्याशी गेलो.

"दादा, आता भांडायला उरलंय काय? चहाला ये."

"खड्डा उरलाय ना! तो माझ्या हद्दीत येतो, मास्तर."

हसून सोडून द्यायचं, तर मी ओरडलो, "अर्धा माझा!"

दोन्ही कप मीच प्यालो. तेव्हापासून त्याच्या कोंबड्या, माझ्या पागोळ्या, सापडेल ते या भांडणानं गिळलं. कलम होतं तोवर भांडणाखाली निदान जमीन होती. आता काहीच नाही, मग ते थांबेल कशाला? दादा ऐंशीला टेकलाय. हे आम्हा दोघांना पुरून उरणार.