रुळांवरच्या माणसांची नावं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टॅलो क्रीक गावी रेल्वेचे रूळ बसवणाऱ्या काळ्या मजुरांची नावं कुणीच जपली नव्हती. टपाल वाटून निवृत्त झालेल्या व्हर्डेलबाईंनी चर्चच्या वह्या धुंडाळून चाळीस नावं जमवली. जुन्या स्टेशनासमोर त्या नावांचा फलक लावायचं ठरलं, पण रुळांवरच राबलेल्या स्वतःच्या वडलांचं नाव त्यांनी यादीत घातलं नाही.

"बापालाच गाळलंस, पोरी?" नव्वदीच्या होझियाकाकांनी विचारलं.

"कागदावर पुरावा नाही, काका."

"मी आहे की अजून! त्याच्या शेजारी उभं राहून सहा वर्षं रूळ ठोकलेत."

काका काठी टेकत फलकाच्या समितीपुढे गेले आणि शपथेवर सांगून आले.

फलकावरचा पडदा सरकला, तेव्हा वडलांचं नाव वाचून व्हर्डेलबाई काकांच्या गळ्यात पडून रडल्या.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी रडणं थांबव. लोकांना वाटेल, मीच गेलो!"